सुजाताची निरोपाची सहल

१४ जून, अल बर्शा, दुबई

सहलीचा आराखडा आज पूर्ण झाला. अकरा पाने, चार तक्ते, दोन नकाशे. जबल अलीतील आमच्या खाद्यपदार्थांच्या प्रयोगशाळेतून माझ्या सहीशिवाय एकही माल बाजारात जात नाही. तीच शिस्त मी येथेही पाळली आहे. कॅरिबियन समुद्रातील छोटी बेटे पाहायची तर कोणत्या बेटावर भारतीय पारपत्राला आगाऊ व्हिसा लागत नाही, कोणती बोट कोणत्या वारी सुटते, लंडनमार्गे जाताना कोणती कागदपत्रे लागतात, हे सारे मी स्वतः पडताळले. प्रवास कंपनीच्या माणसाने दोन चुका केल्या होत्या. त्या त्याला लेखी कळवल्या.

सहल सुजातासाठी आहे. माझी धाकटी बहीण. वय शेहेचाळीस, अविवाहित, अजमानच्या एका शाळेत भूगोल शिकवते. जानेवारीत पुण्याला आई न्हाणीघरात घसरली आणि तिचे मनगट मोडले. एकोणऐंशीव्या वर्षी तिने एकटीने राहणे योग्य नाही, हे उघड होते. मला नवरा आहे, मुलगी आभा बारावीत आहे, प्रयोगशाळेत चौदा माणसे माझ्या हाताखाली आहेत. सुजाताला यांपैकी काहीच नाही. तेव्हा तिने शालेय वर्ष संपताच नोकरी सोडून कायमचे पुण्याला जावे, असे मी त्याच आठवड्यात ठरवले. तिने विरोध केला नाही. ती समंजस आहे, हे मी नेहमीच सांगत आले आहे.

तिच्या समंजसपणाची जाण ठेवणे माझे कर्तव्य आहे. शाळेत असल्यापासून तिला त्या बेटांच्या ओळीचे वेड. म्हणून ही भेट. ६ जुलैला निघायचे. तत्पूर्वी तिचा येथील व्हिसा रद्द झालेला असेल. १८ला परतताना ती दुबई विमानतळावरून बाहेर न पडता चार तासांनी परस्पर पुण्याचे विमान घेईल. एकही दिवस वाया जात नाही.

आभाने आराखडा चाळला. "मॉम, यात 'उत्स्फूर्त वेळ' फोर टु फोर-फॉर्टी आहे."

"रोज आहे," मी म्हटले.

"ओके. डिड एनीवन आस्क मावशी?"

जेथे कर्तव्य स्पष्ट असते तेथे विचारण्याचा प्रश्न उद्भवत नाही, हे मी तिला समजावले. माझे यजमान दत्तप्रसाद त्याच वेळी खोकले. त्यांना एसीचा त्रास होतो.

२१ जून

अजमानला सुजाताकडे गेले. दोन खोल्यांची ती जागा ती नबिलासोबत वाटून घेते. नबिला हैदराबादची, त्याच शाळेत गणित शिकवते. बोलते फार.

सामान बोटीने पुण्याला पाठवण्यासाठी मी महिन्यापूर्वी सहा खोके दिले होते, प्रत्येकावर चिठ्ठी लावून: पुस्तके, भांडी, हिवाळी कपडे इत्यादी. 'पुस्तके' लिहिलेल्या खोक्यात सातवीच्या मुलांनी कागदाच्या लगद्याचा ज्वालामुखी केला होता. बाकीचे पाच घडी घालून पलंगाखाली.

"कार्गोवाल्याला कधी बोलावलं आहेस?" मी विचारले.

"होईल, ताई."

"'होईल' ही तारीख नव्हे."

"दीदी, चाय लेंगी?" नबिला मध्येच म्हणाली. "और हमारी नई मशीन देखी आपने? सुजाता ने पसंद की है. दो साल की वॉरंटी."

स्वयंपाकघरात खरोखरच नवे कपडे धुण्याचे यंत्र होते. देश सोडून जाणाऱ्या बाईने मैत्रिणीला एवढी महाग वस्तू भेट द्यावी, हा निव्वळ अविचार आहे. मी सुजाताला तसे बाजूला घेऊन सांगितले. ती म्हणाली, "चहा घे, गार होतोय."

परतताना गाडीत मला कसलीशी अस्वस्थता वाटत होती. कारण सापडले नाही. बहुधा वाहतूक.

२ जुलै

व्हिसा रद्द झाल्याची प्रत तिसऱ्यांदा मागितली. सुजाताचे उत्तर: "शाळेच्या पीआरओकडे आहे सगळं. इन्शाल्ला होऊन जाईल." मी तिला सांगितले की पीआरओंना, म्हणजे व्हिसाची सरकारी कामे करणाऱ्या या लोकांना, मी बावीस वर्षे ओळखते, आणि इन्शाल्लाचा अर्थ त्यांच्या तोंडी 'पुढच्या महिन्यात' असा असतो. ती हसली.

प्रत मिळालेली नाही. पहिल्यांदाच माझ्या तक्त्यात एक चौकट रिकामी आहे.

५ जुलै

दुपारी निरोपाचे जेवण. येथील मराठी मंडळातील बारा जणांना बोलावले होते. कायमचे जाणाऱ्याला सर्वांनी मिळून सोन्याचे नाणे द्यायचे, हा येथला रिवाज; तो मी नीट पार पाडला. मी दहा मिनिटे बोलले. त्यागाविषयी बोलले. कोणाच्या तरी डोळ्यांत पाणी येईल असे वाटले होते, पण सुजाता मान खाली घालून पुरणपोळीचे तुकडे करत बसली, आणि दत्तप्रसाद ताक वाढायला उठले, ते मी बसल्यावरच परत आले.

सगळे गेल्यावर तिने नाणे दत्तप्रसादांच्या हातात ठेवले. "भावोजी, हे तुमच्याजवळ ठेवा. ज्यांनी दिलं त्यांची यादी आहे ना?"

"आहे," ते म्हणाले. "कुंदाची यादी नाही असं कधी झालंय?"

प्रवासात सोने बाळगू नये, हे तिला सुचले, याचे मला समाधान वाटले. यादी कशासाठी हवी होती, ते मात्र कळले नाही. आभारपत्रे लिहायची असावीत.

७ जुलै, बेक्वे

काल लंडन, रात्री बार्बाडोस, आणि आज बारा आसनांच्या विमानाने येथे. बेक्वे हे ग्रेनेडिन्स बेटांपैकी एक. लांबी जेमतेम दहा-अकरा किलोमीटर. विमान उतरताना दोन्ही खिडक्यांतून फक्त पाणी दिसत होते. मी आसनाचा दांडा धरून होते. सुजाता वैमानिकाच्या खांद्यावरून वाकून बेटांची नावे घेत होती. वैमानिक तिच्याशी बोलण्यासाठी दोनदा मागे वळला. हे सर्वथा नियमबाह्य आहे.

उतरल्यावर बोटींच्या कचेरीत मी विचारले, "मायरो बेटाची बोट किती वाजता?" खिडकीतला माणूस म्हणाला, "गुड आफ्टरनून." मी प्रश्न पुन्हा, अधिक स्पष्ट उच्चारांत विचारला. तो पुन्हा म्हणाला, "गुड आफ्टरनून." मला वाटले त्याला ऐकू येत नसावे. सुजाता पुढे झाली. "गुड आफ्टरनून, कसे आहात?" आणि त्याने तिला वेळापत्रक, हवेचा अंदाज आणि स्वतःच्या गुडघ्याची हकिकत सांगितली.

"आधी नमस्कार करतात इथे, ताई. मग काम."

मी कामासाठीच गेले होते. नमस्काराने बोटीची वेळ बदलणार नव्हती.

८ जुलै

साडेआठला टेकडीवरचा जुना किल्ला ठरला होता. आठला पाहते तो सुजाता खोलीत नाही. खाली स्वयंपाकघरात होती, घरमालकीण मिस वर्लीनबरोबर. मिस वर्लीन साठीच्या, उंच, शांत. दोघी नीरफणस कापत होत्या. तो येथे घरोघरी आहे. अख्खाच्या अख्खा निखाऱ्यावर भाजतात. सुजाताने त्याचे पातळ काप करून, तिखट-मीठ लावून, रव्यात घोळवून तव्यावर टाकले होते. अगदी आजोळी मालवणला व्हायचे तसे. रवा तिने अजमानहून आणला होता. सामानाच्या यादीत रवा नव्हता.

मी दोन काप उभ्यानेच खाल्ले. चव बरोबर होती. किल्ल्याला चाळीस मिनिटे उशीर झाला.

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात कंबरभर उंचीचा निळा ड्रम होता. मी विचारले, तेव्हा मिस वर्लीन म्हणाल्या, "माझी थोरली बहीण न्यूयॉर्कहून पाठवते. तीस वर्षं झाली. तांदूळ, साबण, चपला. प्रत्येक ड्रमात मला नको असलेली एक तरी वस्तू असते, आणि ती कशी वापरायची याची चिठ्ठी."

"तिला तुमची काळजी आहे," मी म्हटले.

"आहेच. फार आहे. यंदा लिहिलंय, घर विक आणि माझ्याकडे ये. नातवंडं सांभाळायला कोणी नाही."

"मग?"

"मग मी तिला छान पत्र लिहिलं. साबणाचे आभार मानले."

सुजाता इतकी हसली की तिला पदराने, म्हणजे ओढणीने, डोळे पुसावे लागले. मिस वर्लीनही हसल्या. त्या न्यूयॉर्कच्या बाईंची मला कीव आली. दूर राहून एवढे नियोजन करायचे आणि वाट्याला हे यावे. त्यात हसण्यासारखे काय होते, ते मी किल्ला चढताना सुजाताला विचारले. ती म्हणाली, "काही नाही. चप्पल."

१० जुलै

आज टोबॅगो कीज. वस्ती नसलेली पाच चिमुकली बेटे आणि मध्ये उथळ, काचेसारखे पाणी. मिस वर्लीन यांचा भाऊ आपल्या बोटीने घेऊन गेला. आराखड्यानुसार: बोटीतून कासवांचे निरीक्षण, पंचवीस मिनिटे.

सुजाताने कुर्ता काढला. आत पोहण्याचा पूर्ण बाह्यांचा पोशाख होता. मी काही बोलण्याआधीच ती पाण्यात गेली.

मी बोटीच्या कडेला उभी राहून तिचे नाव घेऊन ओरडले, हे येथे प्रामाणिकपणे नोंदवते. तिला पोहता येत नाही. लहानपणी आम्ही दोघींनीही टिळक तलावावर नाक मुठीत धरून चार दिवस काढले आणि सोडून दिले, हे मला पक्के ठाऊक आहे. पण ती संथपणे हात मारत गेली, आणि एका मोठ्या कासवाच्या बाजूने, त्याच्याच गतीने, बराच वेळ पोहत राहिली.

"कधी शिकलीस?" ती वर आल्यावर मी विचारले.

"तीन वर्षं झाली. अजमानला बायकांचा वर्ग असतो. मी आणि नबिला जातो. शनिवारी."

"शनिवारी तू पेपर तपासतेस."

"पेपर शुक्रवारी तपासते."

"मला सांगितलं का नाहीस?"

तिने केस पिळले. "सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, कुठला स्ट्रोक, प्रशिक्षिका कुठली, सर्टिफिकेट आहे का. मला नुसतं पोहायचं होतं गं."

हे प्रश्न अगदी योग्य आहेत. प्रशिक्षिकेकडे प्रमाणपत्र असायलाच हवे. तरीही मला राहून राहून असे वाटते आहे की तीन वर्षांचे शनिवार माझ्या नकळत कोणीतरी हलवून ठेवले. मी सबंध वेळ जीवरक्षक जाकीट घालून बसले होते. त्याचा पट्टा अजून खांद्यावर जाणवतो.

१२ जुलै, मायरो

येथील सर्वांत लहान वस्तीचे बेट. गेल्या वर्षीच्या चक्रीवादळात बहुतेक छपरे उडाली. काही घरे अजून निळ्या ताडपत्रीखाली आहेत. टेकडीवरच्या चर्चजवळून खाली सगळा समुद्र पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो. सुजाता भिंतीवर बसली होती. बेटांकडे बोट दाखवून मला त्या ओळीचा जन्म समजावत होती. समुद्राखाली दोन भूपट्ट एकमेकांवर चढतात आणि वर हे ज्वालामुखी उगवतात, असे काहीसे. ती चांगले समजावते. हे मला माहीत नव्हते. मी तिचा वर्ग कधी पाहिलेला नाही.

मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, मला तुला एक सांगायचंय."

तीनला दहा कमी होते. बोट तीन वाजून दहा मिनिटांनी होती आणि उताराला वीस मिनिटे लागतात. मी म्हटले, "जेवताना सांग, आता निघू या."

"दोन मिनिटांचं आहे."

"दोन मिनिटांचं कधीच दोन मिनिटांत होत नाही."

ती उठली. बोट पन्नास मिनिटे उशिरा आली. आम्ही धक्क्यावर शेजारी बसून होतो, पण तेव्हा ती बोलली नाही. रात्री जेवताना मी आठवणीने विचारले. तिने सांगितले की माशाला मीठ कमी आहे. मी मासे खात नाही, हे तिला माहीत आहे.

तिला पुण्याचे दडपण आले असावे. साहजिक आहे. आईचा स्वभाव सोपा नाही. तिच्यासाठी मी दिनक्रमाचा तक्ता करून देणार आहेच. तो पाहिला की दडपण जाईल.

१३ जुलै, बेक्वे

उशीवर चिठ्ठी: 'मिस वर्लीनबरोबर चर्चला जातेय, मग त्यांच्या मैत्रिणींकडे जेवायला. तू आराम कर.' हिंदू बाईने चर्चमध्ये तीन तास काय करायचे, कोण जाणे.

सकाळचा कार्यक्रम मी एकटीने पार पाडला. किनाऱ्यावरची पायवाट, नंतर नौकांचे छोटे संग्रहालय, ते बंद होते. वाटेत भेटणारा प्रत्येक जण "गुड मॉर्निंग" म्हणत होता. चौथ्या वेळी मीही म्हटले. त्यानंतर पुढे काय बोलायचे असते, ते मला सुचले नाही. ती म्हातारी बाई थांबून वाट पाहत होती. मग मी म्हटले की माझी बहीण चर्चला गेली आहे. ती म्हणाली, "आणि तू?"

मी घड्याळ पाहिले. उत्स्फूर्त वेळेचे चार वाजायला पाच तास होते.

आईला दूरध्वनी लावला. पुण्यात रात्रीचे साडेआठ. मागे मुलींच्या हसण्याचा आवाज येत होता. मी विचारले, कोण आहे? आई म्हणाली, "टीव्ही." आई टीव्हीवर बातम्यांशिवाय काही पाहत नाही. मग म्हणाली, "सुजी मजेत आहे ना? तिला म्हणावं, पाण्यात पोहून घे."

सुजाताला पोहता येते हे आईला कसे ठाऊक, हे विचारायच्या आत संपर्क तुटला.

१५ जुलै

येथे लाकडी नौकांच्या प्रतिकृती करतात. हे या बेटाचे जुने कसब. सुजाताने हातभर लांबीची एक घेतली. किंमत दिरहममध्ये सांगितली, मग स्वतःच रुपयांत करून कपाळावर हात मारला, आणि तरीही घेतली.

"पुण्याला कुठे ठेवणार आहेस?" मी म्हटले. "आईच्या कपाटावर जागा नाही."

"वर्गात."

"कुठल्या वर्गात?"

तिने दुकानदाराला नौका नीट गुंडाळायला सांगितली. पुण्यात ती शिकवण्या घेणार असावी. कल्पना वाईट नाही, मात्र आईच्या औषधांच्या वेळा सांभाळून.

१७ जुलै, बार्बाडोस विमानतळ

एक गंभीर त्रुटी. सुजाताच्या बॅगेवर पुण्यापर्यंतची चिठ्ठी लागायला हवी होती. ती दुबईपर्यंतचीच लागली आहे. मी खिडकीवर परत गेले. प्रथम "गुड आफ्टरनून" म्हटले, हे नमूद करते. मुलगी म्हणाली, "मॅडम, प्रवाशानेच तसं सांगितलं."

"सांगताना चूक झाली," मी म्हटले.

सुजाता मागून आली. "ताई, राहू दे. चूक नाही झालेली."

"मग दुबईला तुझी बॅग कोण उचलणार? तू बाहेर येऊच शकणार नाहीस."

"बघू तिथे."

'बघू' या शब्दावर माझा विश्वास नाही. विमान कंपनीला येथूनच तक्रार लिहायला घेतली आहे. दोन परिच्छेद झाले. सुजाता शेजारी जागी आहे. मी लिहीत असले की ती खिडकीबाहेर बघते, मी थांबले की माझ्याकडे.

१९ जुलै, अल बर्शा

कालचे क्रमाने लिहिते. क्रम लागला तर कदाचित अर्थ लागेल.

दुबईला संध्याकाळी साडेसातला उतरलो. पुढच्या विमानाच्या प्रवाशांसाठीचा फाटा आला तेव्हा मी सुजाताला मिठी मारली, आईसाठीची औषधे आणि दिनक्रमाचा तक्ता तिच्या पिशवीत ठेवला. "तुझं इकडे," मी म्हटले.

"मी येते तुझ्याबरोबर पासपोर्टपर्यंत."

"तिथे यंत्र आहे. रद्द झालेला व्हिसा ते ओळखतं. उगीच अधिकाऱ्यांसमोर शोभा."

ती आली. रहिवाशांच्या रांगेत माझ्या पुढेच उभी राहिली. मी तिला हळू आवाजात समजावत होते की दार उघडणार नाही, मग ते बाजूला घेतील, मग चौकशी, पुण्याचे विमान चुकेल. ती पुढे गेली. कॅमेऱ्याकडे पाहिले. दार उघडले.

मी तिच्या मागून गेले. यंत्राने मला मागे व्हायला सांगितले. मग चष्मा काढायला. मग पुन्हा मागे. काचेपलीकडे ती उभी होती. चष्म्याशिवाय मला तिचा चेहरा दिसत नव्हता.

सामानाच्या पट्ट्याशी मी विचारले, "पीआरओने काम केलं नाही का?"

"त्याला मी सांगितलंच नव्हतं, ताई. फेब्रुवारीत पुढच्या दोन वर्षांच्या करारावर सही केली. मी इथेच राहणार आहे."

"फेब्रुवारीत."

"हो."

"आणि हे सगळं? मी दिलेलं जेवण? ही सहल?"

"मी दर वेळी सांगायला यायचे. तू अजमानला आलीस तेव्हा सांगणार होते, तर तू खोके मोजत होतीस. जेवणाच्या दिवशी सांगणार होते, तर तू त्यागावर बोलत होतीस. मला वाटलं, अकरा दिवस दोघीच असू. कुठेतरी जमेल." तिची बॅग आली. तिने ती उचलली. "आणि मला ती बेटं बघायची होती गं. खोटं कशाला बोलू. माझ्या तिकिटाचे मी तुला देईन."

"मी पैशांबद्दल बोलत नाहीये."

"मला माहितीये."

"मग आईकडे कोण जाणार?"

ती थांबली. रडते आहे असे वाटले, पण रडत नव्हती. "हे तू मला गेल्या सहा महिन्यांत पहिल्यांदा विचारलंस. आत्तापर्यंत नुसतं सांगत होतीस."

बाहेर नबिला गाडी घेऊन उभी होती. तिने मला सलाम केला आणि पहिल्यांदाच काही बोलली नाही.

घरी आल्यावर मी दत्तप्रसादांना विचारले, त्यांना ठाऊक होते का. ते म्हणाले, "मला, आभाला, तुझ्या आईला. मंडळातल्या निम्म्यांना. माहीत सगळ्यांना होतं, कुंदा. तुला सांगायची ड्यूटी कोणी घेईना."

"का?"

"तू ऐकून घेतेस," ते म्हणाले, "पण मग दुरुस्त करतेस."

आभा दारात उभी होती. "आय डिड ट्राय, मॉम." एवढे म्हणून ती माझ्याजवळ येऊन बसली. मी तिला उठायला सांगितले नाही.

२० जुलै

काल रात्री उत्तम झोप यायला हवी होती. प्रवासाचा शीण होता. झोप लागली नाही.

'सुजाताने मला फसवले' असे वाक्य मी लिहिले आणि खोडले. मग 'सुजाताने माझा विश्वासघात केला' असे लिहिले, तेही खोडले. ही वाक्ये व्याकरणाने निर्दोष आहेत. तरी ती वाचताना माझ्यासमोर ते पाणी येते, आणि कासवाच्या बाजूने जाणारी एक बाई, जिला मी ओळखत नव्हते.

दुपारी आईला दूरध्वनी केला. तिने ते ऐकून हळहळावे अशी माझी अपेक्षा होती.

"मीच म्हटलं तिला, सही कर म्हणून," आई म्हणाली.

"तू? मग तुझ्याजवळ कोण राहणार?"

"दोन मुली ठेवल्यात, मार्चपासून. मागच्या खोलीत. एक नर्सिंग शिकते, दुसरी दिवसभर काहीतरी कोडिंग करते आणि रात्री माझं डोकं खाते. हात माझा बरा झालाय."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू त्यांची ओळखपत्रं मागवली असतीस."

मागवली असती. ती दोन अनोळखी मुली घरात ठेवते, म्हटल्यावर कोणीही मागवेल. हे मी बोलले नाही. ते का बोलले नाही, तेही मला सांगता येणार नाही.

"पण तू जानेवारीत म्हणाली होतीस की एकटं वाटतं," मी म्हटले.

"तू विचारलंस, कशी आहेस. मी सांगितलं. त्यावर तू एक माणूस पाठवायला घेतलंस." मागे कोणीतरी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. "मला माणूस नको होतं, कुंदे. तू येशील असं वाटलं होतं. चार दिवस. काम करायला नाही, नुसती. रजा संपली का गं तुझी?"

मी म्हटले, "बघते."

तिने मग पाण्याचा टँकर, शेजारच्यांची मुंज वगैरे सांगितले. मी हं हं करत होते.

माझी नऊ दिवसांची रजा शिल्लक आहे. त्यासाठी काही बघावे लागत नाही. तो आकडा मला तोंडपाठ आहे. प्रयोगशाळेत या महिन्यात तपासणी नाही. पुण्याचे विमान रोज आहे. आईने अगदी सोपा प्रश्न विचारला होता, त्याचे उत्तर मला ठाऊक होते, आणि मी 'बघते' म्हटले. आईकडे चार दिवस नुसते जाऊन बसायचे, म्हणजे सकाळी उठून नक्की काय करायचे, हे मी कोणाला विचारावे?

सुजाताला माहीत असेल. तिचा क्रमांक दोनदा लावला आणि घंटा वाजायच्या आत बंद केला. तिसऱ्यांदा वाजू दिला. तिने उचलला. मी म्हटले, "गुड आफ्टरनून."

ती म्हणाली, "बोल ताई, ऐकतेय."